मोजणी कुठल्या तारखेपासून?

गेल्या महिन्यात नाशिकात, गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात 'बर्डवॉचर्स' हा सिनेमा पाहिला. ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यातल्या ग्वारानी-कायोवा आदिवासींची ही गोष्ट. दिग्दर्शक मार्को बेकिस, साल 2008. पाऊणशे माणसं आली होती. सिनेमा संपल्यावर खुर्च्या गोलात ओढून चर्चा झाली आणि ती ऐकून मी अस्वस्थ होऊन घरी आलो. एका बाजूचं म्हणणं असं, की अशी वाडवडिलांची जमीन मागायला निघालं तर कुणाचंच घर जागेवर राहणार नाही. प्रत्येकजण कुठून ना कुठून आलेलाच आहे, मग शक-हूणांपर्यंत मागे जायचं का? दुसऱ्या बाजूने एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, आदिवासी ही निसर्गाची लेकरं, त्यांना कसला लोभ नाही, त्यांना त्यांच्या जंगलात सुखाने राहू द्या. मग बराच वेळ सिनेमा एकांगी आहे का, शेतमालकाला खलनायक केलंय का, यावर वाद रंगला. ही माणसं त्या जमिनीवरून नेमकी कधी गेली आणि कशी गेली, हे दीड तासात एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'आधी कोण आलं' हा प्रश्न घेऊन बसलो की वाद हमखास फसतो. जमिनीच्या अशा प्रत्येक झगड्यात कळीची गोष्ट एकच असते: मोजणी कुठल्या तारखेपासून सुरू करायची, आणि ती तारीख ठरवायचा अधिकार कुणाच्या हातात आहे. तारीख एकदा ठरली की पुढचं सगळं तिच्यामागून येतं. त्या दिवशी जो जमिनीवर उभा होता तो हक्कदार, जो नव्हता तो अतिक्रमण करणारा. तो त्या दिवशी तिथे का नव्हता, हे विचारायला मग जागाच उरत नाही. तारखेच्या अलीकडे कागद असतात, पलीकडे बहुतेक वेळा फक्त माणसांची आठवण असते. ती आठवण साक्ष म्हणून उभी करणं सिनेमाला जमतं. म्हणून अशा सिनेमाकडे साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहायला हवं. त्याची उलटतपासणी जरूर घ्यावी, पण त्याआधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं.

सिनेमा सुरू होतो तो नदीवर. पक्षी बघायला आलेले पर्यटक होडीतून चाललेत आणि काठावर अंगाला रंग फासलेले, धनुष्यबाण घेतलेले आदिवासी उभे दिसतात. होडी पुढे निघून जाते. मग तीच माणसं झाडीमागे जातात, अंगावर कपडे चढवतात आणि उभं राहण्याची मजुरी घेतात. सभागृहात इथे कुणीतरी हसलं. मला पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आपल्याकडे रिसॉर्टच्या हिरवळीवर नाचवला जाणारा तारपा आठवला. पुढे राखीव वस्तीत कोवळ्या वयाच्या मुली गळफास घेतात, आणि पुढारी नादियो काही कुटुंबं घेऊन तिथून बाहेर पडतो. पूर्वजांच्या जमिनीला लागून, रस्त्याच्या कडेला, प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्या टाकून ते बसतात. ज्या जागेसाठी बसतात तिला त्यांच्या भाषेत 'तेकोहा' म्हणतात. म्हणजे जिथे आपल्या रीतीने जगता येतं ती जागा. एका प्रसंगात मालक येतो. वडिलांपासून आम्ही ही जमीन कसतोय, इथे पिकतं ते लोकांच्या पोटात जातं, असं तो सांगतो. नादियो वाद घालत नाही. वाकून मूठभर माती उचलतो आणि तोंडात घालतो. चर्चेत या प्रसंगाला कुणी नाटकी म्हणालं, कुणी काव्यात्म. मला तो प्रसंग दोन हिशोबांच्या भेटीसारखा वाटला. मालकाचा हिशोब वडिलांपासून सुरू होतो, कारण त्याचे कागद तिथून सुरू होतात. नादियोकडे त्याआधीचं सांगायला माती सोडून दुसरं काही नाही.

त्याआधी काय झालं होतं? पराग्वेचं युद्ध 1870 साली संपलं आणि त्यानंतर तो सगळा मुलूख येर्बा मातेच्या, म्हणजे तिथल्या चहासारख्या पाल्याच्या, व्यापारासाठी एका कंपनीला खुला झाला. 1915 ते 1928 या काळात तिथल्या सरकारी खात्याने आठ लहान राखीव वस्त्या आखल्या आणि विखरून राहणाऱ्या कुटुंबांना तिथे आणून कोंबलं. 1943 मध्ये दौरादोसला राष्ट्रीय कृषी वसाहत झाली आणि बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांना प्लॉट वाटले गेले. हा शक-हूणांचा काळ नव्हे. आपल्याकडे बेचाळीसची चळवळ चालू होती तेव्हाची ही गोष्ट. आईच्या कडेवर बसून ज्यांनी ती जमीन सोडली, अशी माणसं सिनेमा निघाला तेव्हा हयात होती. 'किती मागे जायचं' असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की एका आजीच्या आठवणीइतकं मागे गेलात तरी पुरे आहे.

ब्राझीलच्या 1988 च्या संविधानाने आदिवासींचा त्यांच्या पारंपरिक जमिनींवरचा हक्क मूळचा मानला, आणि पाच वर्षांत सगळ्या जमिनींची आखणी पूर्ण करू असं वचनही त्याच संविधानात दिलं. ते पाळलं गेलं नाही. उलट 2009 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात एक कसोटी पुढे आणली: संविधान लागू झालं त्या दिवशी, म्हणजे 5 ऑक्टोबर 1988 ला, आदिवासी त्या जमिनीवर असायला हवेत. नसतील, तर आपल्याला बळाने काढलं आणि आपण तेव्हाही झगडत होतो, कोर्टात होतो, हे त्यांनी दाखवायला हवं. ऐकायला ही अट रास्त वाटते. पण 1988 पर्यंत तिथला कायदा आदिवासींना सरकारच्या पालकत्वाखालची, पुरती सज्ञान नसलेली माणसं मानत होता. स्वतःच्या नावाने कोर्टात जाण्याचा हक्क त्यांना त्याच संविधानाने दिला. म्हणजे ज्याला दारात उभं राहायची परवानगी नव्हती, त्याला विचारलं जातंय की तू तेव्हा दार का नाही ठोठावलंस?

नादियोचं काम करणारे आंब्रोझियो विल्याल्व्हा खरोखरच ग्वायरारोका नावाच्या कायोवा वस्तीचे पुढारी होते. 2013 च्या डिसेंबरात त्यांचा भोसकून खून झाला. त्या खुनाचा ठपका मी जमीनमालकांवर ठेवत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की पडद्यावर ज्या जमिनीसाठी ते झगडले, तसल्याच जमिनीसाठी खऱ्या आयुष्यात थांबून थांबून ते गेले. पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, ग्वायरारोकाच्या जमिनीची मान्यता न्यायालयाने रद्द केली. कारण तेच: 5 ऑक्टोबर 1988 ला तुम्ही तिथे नव्हता. 2021 मध्ये ते प्रकरण पुन्हा उघडायला परवानगी मिळाली. सप्टेंबर 2023 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध दोन मतांनी ही तारखेची कसोटीच फेटाळली, आणि त्यावर डिसेंबरात संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकार ओलांडून तीच कसोटी कायद्यात आणली. एका तारखेसाठी एखादा देश इतका झगडतो, कारण त्या तारखेत काय दडलंय हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असतं.

आता आपल्याकडे येऊ. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल राहतात. 1878 च्या इंग्रजी वन कायद्यानंतर इथले डोंगर राखीव होत गेले आणि राब भाजून नागली-वरई पिकवणारी माणसं आपल्याच शिवारात गुन्हेगार ठरली. स्वातंत्र्यानंतरही ते तसंच चाललं. मग तारखा आल्या. राज्य सरकारने आधी 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. केंद्राने 25 ऑक्टोबर 1980 ही रेघ मारली. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ती 13 डिसेंबर 2005 वर आणली. हा कायदा आपल्या उद्देशिकेतच ऐतिहासिक अन्यायाची कबुली देतो, आणि असं लिहिणारे कायदे आपल्या देशात थोडे आहेत. पण दोनदा बदललेली ही तारीख एक गोष्ट उघड करते. ती आकाशातून पडलेली नाही. लोकांनी रेटली तशी ती सरकली.

मी चार वर्षं पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवायला होतो. कायदा नवा होता, पाड्यांवर दाव्यांचे अर्ज भरणं चालू होतं आणि लिहिता येणारा म्हणून लोक माझ्याकडे येत. एक आजी एका संध्याकाळी कॅरीबॅग घेऊन आली. आत आणखी एक पिशवी, तिच्या आत फडक्यात बांधलेल्या पावत्या. दंडाच्या पावत्या. वनात नांगरट केली म्हणून गार्डने वर्षानुवर्षं फाडलेल्या. सगळ्यांत जुनी 1976 ची, पंधरा रुपयांची, घड्यांवर फाटून चार तुकडे झालेली. पिवळ्या पडलेल्या कागदावर तिच्या सासऱ्याचं नाव आणि गटाचं नाव जांभळ्या कार्बनने उमटलेलं. तालुक्याच्या एका कार्यालयात आम्ही त्या घेऊन गेलो, तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने त्या चाळल्या आणि म्हणाला, हा तर अतिक्रमणाचा पुरावा झाला. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "दंड घेतला तवा जमीन आमच्याच हातात व्हती ना, गुरुजी?" इतका स्वच्छ युक्तिवाद मी नंतर कुठल्या वकिलाच्या तोंडूनही ऐकलेला नाही. त्या पावत्यांवरच तिचा दावा उभा राहिला. तिने त्या तीस वर्षं का जपल्या होत्या, हे मी तिला विचारलं. तिला त्या दंडाची लाज वाटत होती. कुणी पुन्हा त्याच गुन्ह्याचे पैसे मागायला आलं तर दाखवायला असाव्यात, म्हणून.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला, मागे जाण्याला अंत नाही. तत्त्वतः हे खरं आहे. प्रत्येक गावच्या मातीखाली आणखी एक गाव आहे. आजच्या आदिवासी जमातींनीही कधीकाळी दुसऱ्या कुणाला मागे सारलं असेल. पण आपण हा नियम नेमका कुणाला लावतो? आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी सातबाऱ्यांवरची नावं 1 एप्रिल 1957 या एका तारखेने बदलली. 1948 च्या कूळकायद्याखाली तो कृषकदिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कागदावर असलेला सावकार-जमीनदार बाजूला झाला. तेव्हा कुणी विचारलं नाही, की मागे जायचं तर किती मागे? आणि पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. तारीख जवळ आली तशी काही मालकांनी कुळांना आधीच हुसकून लावलं, म्हणजे त्या दिवशी कूळ जमिनीवर सापडायलाच नको. हे लक्षात आल्यावर आपल्या विधिमंडळाने काय केलं? 1969 साली कायद्यात दुरुस्ती केली. 15 जून 1955 ला जो ताब्यात होता आणि कायद्याबाहेर ज्याला काढलं गेलं, त्याला जमीन परत द्यायची, ती अजून मालकाकडेच असेल तर. ठरलेल्या तारखेला माणूस जागेवर नव्हता हा त्याचा दोष नसून त्याच्यावर झालेला अन्याय असू शकतो, हे महाराष्ट्राच्या कायद्याने तेव्हाच मान्य केलेलं आहे. 1974 च्या कायद्याने तर 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करायची तरतूद केली. ज्यांच्या आजोबांना कूळकायद्याने जमीन मिळाली, त्या घरातल्या माणसांनी तरी आज 'मग काय सगळंच उकरायचं का' असं म्हणू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. आज जो त्या जमिनीवर आहे, त्याचं काय? सिनेमातला मालक राक्षस नाही. त्याच्या बापाला सरकारने कागद दिला, त्याने घाम गाळला, कर्ज काढलं. त्याच्या मुलीची तर तिथे कुणाशीच दुश्मनी नाही. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने करायची का? नाही करायची. पण हा प्रश्न विचारून थांबणारे लोक, त्याचं उत्तर इतरांनी शोधलंय, हे पाहत नाहीत. न्यूझीलंडमध्ये 1975 साली माओरींच्या तक्रारी ऐकायला वाइतांगी न्यायाधिकरण नेमलं गेलं. अट होती, फक्त 1975 नंतरच्या तक्रारी ऐकायच्या. म्हणजे सगळी जमीन जाऊन झाल्यावर मोजणी सुरू! त्याच काळात ऑकलंडजवळ बॅस्टियन पॉइंटवर ओराकेईच्या न्गाती फातुआ लोकांनी आपल्या पूर्वजांच्या जागेत तळ ठोकला. 506 दिवस ते तिथे राहिले. 25 मे 1978 ला पोलीस आणि लष्कर आलं, 222 जणांना अटक झाली, झोपड्या पाडल्या. तो दिवस कॅमेऱ्याने टिपला. मेराता मीता या माओरी दिग्दर्शिकेने त्यावर केलेल्या माहितीपटाच्या नावातच तो 507 वा दिवस आहे. 1985 साली कायदा बदलला आणि न्यायाधिकरणाची नजर थेट 1840 पर्यंत, म्हणजे माओरी आणि इंग्रजी राजसत्ता यांच्यातल्या वाइतांगीच्या तहापर्यंत, मागे नेली. 1975 पासून एकशे पस्तीस वर्षं मागे! देश काही कोसळला नाही. पुढे बॅस्टियन पॉइंटची जमीन परत देण्यात आली. खासगी मालकाच्या घरावर मात्र कुणी टाच आणली नाही. सरकारकडच्या जमिनी, पैशातली भरपाई, जाहीर माफी, असे मार्ग काढले. आणि आपल्याकडचा प्रश्न तर त्याहून सोपा आहे. पेठ-सुरगाण्यात वनहक्क मागणारा माणूस कुठल्या शेतकऱ्याची बागायत मागत नाही. तो राज्याच्या ताब्यातली जमीन मागतोय, आणि बहुतेक ठिकाणी ती तो आजही कसतोय.

तिसरा आक्षेप नाशिकात सगळ्यांत जास्त ऐकू येतो: पट्टे वाटले तर जंगल उरणार नाही. 2005 नंतर नवी तोड झाली नाही, खोटे दावे आले नाहीत, असं मी म्हणणार नाही. मी ते पाहिलं आहे. पण त्यासाठीच कायद्यात वनहक्क समितीची स्थळपाहणी आहे, ग्रामसभा आहे, उपविभागीय समिती आहे. नव्या तोडीचा राग जुन्या कसणाऱ्यावर का काढायचा? शिवाय ही डोंगररांग बोडकी कुणी केली, याचाही हिशोब एकदा मांडायला हवा. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड गेलं. नंतर वर्षानुवर्षं कुपं, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पडली, त्यात आदिवासी मजुरीवर होता, मालक दुसरे होते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तिथल्या गावाने जंगल राखून बांबूवर आपला कारभार उभा केला. हक्क मिळाला की माणूस जंगल खातो हे गृहीतक तिथे टिकलं नाही. तरीही 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला, आणि 28 फेब्रुवारीला तो स्थगित करावा लागला, कारण दावे कसे फेटाळले गेले हेच आधी तपासायला हवं होतं. आदेश आणि स्थगिती यांच्या मधल्या पंधरा दिवसांत पाड्यांवरच्या घरांत कशी झोप लागली असेल, हे शहरात बसून कळायचं नाही.

आता सिनेमाबद्दलचा आक्षेप. सिनेमा भावनेला हात घालतो, निवडून दाखवतो, कापतो, जोडतो, मागे संगीत लावतो. तो पुरावा कसा होईल? बेकिस तर बाहेरचा माणूस. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि करुणेवर बेतलेल्या सिनेमाला ते पुरेपूर लागू पडतं. करुणा किती टिकते हे आपण नाशिककरांनी डोळ्यांनी पाहिलंय. 6 मार्च 2018 ला आपल्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. त्यात मोठ्या संख्येने आदिवासी होते आणि वनजमिनीचे पट्टे ही मुख्य मागणी होती. साधारण 180 किलोमीटर चालून ते मुंबईत पोचले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालून 12 मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर आले. फोड आलेल्या, सालटं निघालेल्या तळपायांचे फोटो देशभर गेले. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. त्या मदतीला मी कमी लेखत नाही. पण ते तळपाय सगळ्यांनी पाहिले, आणि त्या पायांच्या मालकांनी हातात धरलेले दाव्यांचे कागद फार थोड्यांनी वाचले. सहा महिन्यांत दावे निकाली काढू, असं लेखी आश्वासन मिळालं. 2019 मध्ये लोक पुन्हा निघाले. 2023 मध्ये दिंडोरीतून पुन्हा निघाले. करुणा पुरेशी असती तर तीच माणसं तीन वेळा चालली नसती.

'निसर्गाची लेकरं' या शब्दांवर माझा राग आहे तो म्हणूनच. ते शब्द प्रेमाने उच्चारले जातात, पण लेकराला सातबारा नसतो. लेकराला खाऊ देतात, त्याची साक्ष घेत नाहीत. ब्राझीलच्या जुन्या कायद्यानेही त्यांना अज्ञानच ठरवलं होतं, आणि सभागृहातल्या त्या बाईंच्या डोळ्यांतलं पाणी खरं असलं तरी त्यांचं वाक्य त्या कायद्यापासून फार दूर नव्हतं. आदिवासी माणूस जमीन मागतो तेव्हा तो आपल्याला हळवं व्हायला सांगत नाही. तो एक दावा मांडतो: अमुक गट, अमुक बांध, अमुक झाड, अमुक साली मला काढलं. तो तपासा आणि खरा असेल तर मान्य करा.

तपासण्याजोगा पुरावा कॅमेरा देऊ शकतो, याचा दाखला ब्राझीलमध्येच आहे. रोंदोनिया राज्यात जमीनमालक सांगत होते की आमच्या जंगलात आदिवासी नाहीतच. 1995 मध्ये विन्सेंत कारेल्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे कानोए लोकांशी झालेली पहिली भेट चित्रित केली. माणसं आहेत हे त्या चित्रणातून सिद्ध झालं आणि त्यांच्याभोवतीच्या जंगलाला संरक्षण मिळवता आलं. याच कारेल्लींनी 1986 पासून खेड्याखेड्यांत आदिवासींच्याच हातात व्हिडिओ कॅमेरे देण्याचं काम सुरू केलं, आणि तिथे मग बाहेरचा-आतला हा वादच मागे पडला. आपल्या कायद्यालाही ही वाट परकी नाही. वनहक्काच्या नियमांत, गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं लेखी उतरवलेलं कथन हा ग्राह्य पुरावा आहे. विहिरी, जुनी घरं, दफनाच्या जागा, देवाच्या जागा हेही पुरावे आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर कुठल्याही समितीने अमुक एकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही, आणि उपग्रहाचं छायाचित्र इतर पुराव्याला जोड म्हणून वापरता येतं, त्याच्या जागी नाही. म्हाताऱ्या माणसाची आठवण आपल्या कायद्याने साक्ष मानली आहे. आपणच ती ऐकायला जात नाही.

भारतीय सिनेमाची सुरुवात करणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. हरसूलकडे जाणारा रस्ता त्यांच्याच गावातून निघतो, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पंचाऐंशी-नव्वदीला पोचलेली माणसं आज आहेत, ज्यांना कुठला बांध कुणी घातला, गार्ड कधी आले, कुठल्या साली कुठली वस्ती उठली हे तोंडपाठ आहे. त्यांच्यातली काही दर पावसाळ्यात कमी होतात. चर्चेला आलेल्या पाऊणशे जणांच्या खिशात पाऊणशे कॅमेरे होते. 'बर्डवॉचर्स' बघून आपल्याला ब्राझीलच्या आदिवासींसाठी फार काही करता येणार नाही. पण एका ग्रामसभेला विचारून, तिला हवं असेल तर, एका आजोबाला त्याच्या शिवारात उभं करून त्याचं कथन उतरवून घेणं, ते त्याला वाचून दाखवून दाव्याला जोडणं, हे इथून साठ-सत्तर किलोमीटरवर करता येईल.

त्या आजीच्या दाव्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पावत्यांवरच्या तुकड्याचा पट्टा तिला मिळाला. पण तिची जमीन दोन ठिकाणी होती. दुसरा तुकडा ओढ्यापलीकडे. नव्वदच्या दशकात एका उन्हाळ्यात माणसं आली, उभ्या शेताभोवती चर खणला आणि सागाची रोपं लावली. त्या वर्षापासून तिला तिथे पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्या जागेची दंडाची पावती नाही. 13 डिसेंबर 2005 ला ती तिथे नव्हती. कायद्याच्या कलम 3(1)(ड) मध्ये, इंग्रजी प्रतीतल्या उपखंड 'एम'मध्ये, त्या तारखेआधी बेकायदा हुसकून लावलेल्यांना जागेवरच पुनर्वसनाचा किंवा पर्यायी जमिनीचा हक्क आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिलाही कुणी सांगितलं नाही. अर्जात आम्ही तो तुकडा लिहिलाच नाही.

आश्रमशाळा सोडायच्या आधी तिने मला एकदा तिथे नेलं. साग चांगला वाढला होता, खाली पानांचा खच. ती पायाने पानं बाजूला सारत पुढे चालली, एका जागी थांबली आणि वाकली. खाली दगड होते, ओळीत लावलेले, शेवाळलेले. सासऱ्याने घातलेला बांध. तिने हाताने आणखी थोडी पानं सारली, मग आणखी थोडी. बांध सागाच्या झाडांमधून वळत ओढ्यापर्यंत गेलेला दिसत होता.